नवतप्यातलं दुपटं

बाहेर चव्वेचाळीस.
कूलरच्या टाकीत दोन बादल्या ओतून
मी फरशीवर पसरते बाबांचं जुनं धोतर
आणि त्यावर दुसरं.
"या उन्हात गोधडी शिवून राहिली काहून बे?"
भाऊ दारातूनच विचारतो.
त्याला सांगते, ऑर्डर आहे.

खरं सांगायचं नाही कुणाला.
नववा लागला तरी बाळाचा विषय निघाला
की तक्षशीला उठून नळ बंद करायला जाते,
नळ बंदच असतो.
दोनदा झालंय असं,
की सगळे त्यावरच बोलत होते
आणि मग कुणीच बोललं नाही.

कोरं कापड तान्ह्याला टोचतं,
म्हणून जुनं उपसलं.
तांडापेठेतला आमचा माग भंगारात गेला
त्या आठवड्यात अर्धीच राहिलेली साडी:
काठ आहे, पदर नाही.
आणि ती ओढणी.
आठवीत माझ्या स्कर्टवर डाग पडला, तेव्हा
तिनं भर वर्गात माझ्या कमरेला बांधलेली.
सतरा वर्षं परत केली नाही.
आता करतेय, चौकोन कापून.

पांढरं कापड हवं होतं.
इंदोऱ्याला गेले, ती ऑफिसात असताना.
मावशीनं दीक्षाभूमीला नेसायची साडी काढली,
कशाला ते विचारलं नाही.
म्हणाली, कालच नीळ दिली.

माझा धावदोरा नाल्यासारखा वाकडा.
बाबांना आता दिसत नाही,
ते पलंगावरून हात लांब करतात,
टाक्यांवरून अंगठा फिरवतात:
"चार सूत सोड. मग घाल.
इथं तुह्यं लक्ष नव्हतं."
नव्हतंच.

एका दुपारी ती न सांगता आली.
ऑटोतून उतरली, तोंडाला स्कार्फ, हातात पोट.
मी दुपटं गादीखाली सारलं,
सुई माझ्याच गुडघ्यात.
"राहू दे," ती म्हणाली,
"आईच्या पोटात काही राहते काय?"

पन्हं मागितलं. अर्धं प्यायली.
मग पर्समधून एक पिशवी काढली,
गांधीबागेतल्या दुकानाचं नाव पुसट झालेली.
आत झबलं. पिवळं.
किमतीची चिठ्ठी अजून लागलेली.

"हे घाल."
मी म्हटलं, वर लावू? कोपऱ्यात छान...
"मधात," ती म्हणाली.
"दिसलं नाही पाहिजे."

झबलं सपाट बसत नाही.
बाह्या असतात त्याला, गळा असतो.
मी उसवायला कात्री उचलली
आणि तिच्याकडे पाहून खाली ठेवली.
चिठ्ठी तेवढी तिनं स्वतः तोडली,
दातानं.
कुठे टाकली, पाहिलं नाही मी.

दोन धोतरांच्या मध्ये ते ठेवलं, हात पसरून,
आणि दोघी बसलो,
ती त्या टोकाला, मी या.
मध्येच लाइट गेली. कूलर थांबला.
घामानं सुई सटकायची.
बोललो ते फक्त दोऱ्याबद्दल.
तिचे टाके माझ्याहून लांब, घाईचे.
बाबांनी अंगठा फिरवला,
काही म्हणाले नाहीत.

मुलगी झाली नवतप्यात, डागा दवाखान्यात.
दोन किलो सातशे.
नर्सनं दुपटं पाहून नाक मुरडलं,
एवढ्या गरमीत?
पोरीनं मात्र पहिल्याच तासात ते भिजवलं
आणि आपलं करून टाकलं.

बाराव्या दिवशी इंदोऱ्याच्या गच्चीवर
मी ते पिळून झटकलं, उन्हासमोर धरलं.
पांढऱ्याच्या आत उमटला
एक गडद आकार,
दोन आखूड हात पसरलेला.
तक्षीनं पाहिलं.
खाली पोरगी रडत होती, भुकेनं, कडकडून.

तिनं माझ्या हातातून दुपटं घेतलं,
उलटं करून दोरीवर टाकलं,
दोन्ही टोकांना चिमटे लावले.
"त्या बाजूनंही वाळू दे," म्हणाली,
आणि ब्लाउजची बटणं सोडत
जिना उतरली.